किल्ला पाहिलास का?

नववीत असताना इतिहासाच्या बाईंनी आपल्या वर्गाला निबंध दिला होता, 'माझ्या गावचा किल्ला'. रविवारी किल्ल्यावर जाऊन या, एक चक्कर मारा आणि जे दिसेल तेवढंच लिहा, असं बाईंनी बजावलं होतं. मी गेले नाही. घरापासून किल्ला सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर, तरी गेले नाही. भावाची जुनी वही पुढ्यात ठेवली आणि दीड पान खरडलं. सरदार नारोशंकर राजेबहादुर यांनी १७४० च्या सुमारास मोसम नदीच्या काठी हा भुईकोट बांधायला घेतला, किल्ला भव्य व प्रेक्षणीय आहे, वगैरे वगैरे. बाईंनी मार्क दिलेच नाहीत. लाल पेनाने खाली एवढंच लिहिलं, "किल्ला पाहिलास का?"

स्मरणिकेच्या मंडळींनी मला स्कॉटलंडच्या सहलीवर दोन पानं आणि चार फोटो मागितले होते. फोटो दिले आहेत. पानं मात्र वाढली आणि निम्मी मालेगावातच अडकली. बाई संमेलनाला येणार आहेत असं कळलं, म्हणून आता मागे घेत नाही.

झालं असं. कंपनीच्या कामासाठी गेल्या वर्षी मी काही महिने एडिंबरोला होते. बँकेच्या जुन्या प्रणालीतला हिशेब नव्या प्रणालीत हलवायचा, असलं रटाळ काम. जून २०२५ मध्ये आठवडाभराची सुट्टी मिळाली तेव्हा आपल्याच वर्गातल्या दोघी तिकडे आल्या. एक धुळ्याकडे शाळेत शिकवते, दुसरीचं मालेगावातच साड्यांचं दुकान आहे. आमची नावं लिहायची नाहीत अशी दोघींनी अट घातली आहे. ओळखणारे ओळखतील. सोळा आसनांच्या छोट्या गाडीतून जाणारी एक सहल आम्ही निवडली. आधी एडिंबरो, मग उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख, ज्याला ते हायलंड्स म्हणतात, आणि शेवटी समुद्र ओलांडून ऑर्कनी बेटं. गाडीत आम्ही तिघी सोडून बाकी सगळे निवृत्त झालेले गोरे लोक. चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच.

निघायच्या आदल्या दिवशी एडिंबरोचा किल्ला पाहिला. तिथे आत 'रॉयल स्कॉट्स' या पलटणीचं संग्रहालय आहे. १६३३ साली उभी राहिलेली ही ब्रिटिश सैन्यातली सर्वात जुनी पायदळ पलटण होती. मी तोफा-तलवारी बघत पुढे चालले होते, तेवढ्यात धुळ्याची मैत्रीण म्हणाली, "अगं, थाळनेरला मेलेले ते दोघे यांचेच ना?" तिची शाळा तापीच्या बाजूला आहे, थाळनेरचा पडका किल्ला तिच्या मुलांना सहलीला ठरलेला. २७ फेब्रुवारी १८१८ ला सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने थाळनेर घेतलं, तेव्हा दरवाजाशी झालेल्या झटापटीत मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. ते याच पलटणीचे. किल्ला पडल्यावर हिस्लॉपने किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिली. त्यावर पुढे इंग्लंडातही बरीच टीका झाली.

मग आम्ही तिघी पलटणीच्या निशाणावर मिरवल्या जाणाऱ्या लढायांची यादी वाचू लागलो. नागपूर आहे. महिदपूर आहे. त्यांच्या स्पेलिंगमध्ये ओळखायला दोन मिनिटं लागतात, पण आहे. मालेगाव नाही. थाळनेरही नाही. दुकानवाली मैत्रीण लगेच म्हणाली, "आपलं नाव कुठं नसतंच." तिघी हसलो, पण मला ते लागलं. कारण याच पलटणीच्या तुकड्या १८१८ च्या मे महिन्यात आपल्या मोसमच्या काठी तळ ठोकून होत्या, आणि जवळजवळ महिनाभर त्यांना आपला किल्ला घेता येत नव्हता, हे मला ठाऊक होतं. ठाऊक कधी झालं? सहलीच्या आधी पंधरा दिवस. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर सहज चाळायला घेतलं तेव्हा. चाळिशी उलटल्यावर.

इथे थोडं मागे जावं लागेल. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. लगेच जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. खानदेशचा बराच भाग त्यात होता. आपलं मालेगाव तेव्हा खानदेशातच धरलं जायचं. नाशिक जिल्हा झाला तो १८६९ साली. तिकडे पुण्याचे बाजीराव पळतीवर होते. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलची फौज एप्रिलमध्ये चांदवडच्या डोंगरांत शिरली. राजदेहेर पडला, मग त्र्यंबक पडला. त्यानंतर आसपासचे डोंगरी किल्ले एकामागून एक, बरेचसे गोळी न झाडता, खाली आले. ज्यांच्याकडे मान वर करून बघावं लागतं असे किल्ले काही दिवसांत गेले. जमिनीवरचा, नदीकाठचा, चौकोनी मालेगाव मात्र अडून बसला.

किल्ल्यात होते अरब शिपाई. तीन-साडेतीनशे. आपल्याकडच्या सरदारांकडे पगारावर चाकरी करणारे अरब त्या काळात ठिकठिकाणी होते आणि किल्ला लढवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नारोशंकरांच्या वारसांची सत्ता तोवर नावापुरती उरली होती. किल्ला खरा अरबांच्या हाती. त्यांचा पेशव्यांशी, होळकरांशी, देशाशी, धर्माशी कसलाही मोठा मुद्दा नव्हता. थकलेला पगार आणि पुढे आपलं काय होणार, एवढाच प्रश्न. मला हे वाचून आधी थोडं निराश वाटलं. 'मालेगावचा रणसंग्राम' असं काहीतरी मनात तयार झालं होतं ना. नंतर वाटलं, परक्या मुलखात, मालक गेलेला, पगार थकलेला, तरी महिनाभर टिकून राहिलेली ही माणसं वर्गात सांगण्यासारखी आहेत.

मेच्या मध्याला वेढा पडला. मॅकडॉवेलकडे बंदूकधारी हजाराच्या आसपास, म्हणजे असल्या किल्ल्यासाठी कमीच. किल्ल्याची रचना तुम्हाला माहीत आहे, निदान आता मला माहीत आहे: आत दगडी चौकोन, कोपऱ्यांवर गोल बुरूज, त्याबाहेर दुसरा तट, भोवती खोल खंदक आणि एका अंगाला नदी. अरब नुसते आत बसून राहिले नाहीत. बाहेर पडून मोर्चांवर तुटून पडायचे. अशाच एका छाप्यात वेढ्याचं काम पाहणारा इंजिनिअर डेव्हिस मारला गेला. पुढचं काम त्याच्या हाताखालच्या नॅटिसकडे आलं. तोफांनी तटाला खिंडार पडलं, २९ मेला हल्ला ठरला. खिंडार लांबून चालण्याजोगं दिसत होतं. नॅटिस वर पोचला तेव्हा आत उतरायला वाटच नाही असं त्याला दिसलं, आणि तो तिथेच गोळ्या लागून पडला. हल्ला मागे घ्यावा लागला. मी स्वतः इंजिनिअर असल्यामुळे असेल, या माणसापाशी मी थबकले. आमच्या कामातही आराखडा कागदावर चालतो आणि प्रत्यक्षात उतरायला वाट नसते. आमचे जीव जात नाहीत, एवढाच काय तो फरक.

मग नव्या तोफा आणि ताजी कुमक आली. ११ जूनला तोफांच्या माऱ्यात किल्ल्यातलं दारूकोठार उडालं, आतल्या तटाचा मोठा भाग ढासळून खंदकात गेला. १३ तारखेला बोलणी झाली, १४ जूनला अरब बाहेर आले. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून दोनशेच्या वर. आपल्या बाजूचे किती गेले, पेठेतले किती गेले, हे मोजण्याची तसदी त्या वृत्तांतात घेतलेली नाही.

यातला मला सर्वात आवडलेला भाग शरणागतीच्या कागदाचा आहे. अरबांना तोंडी शब्द नको होता, लेखी हवा होता. थाळनेरला काय झालं हे त्यांना कळलेलं असणारच. कागद लिहिला गेला मराठीत. इंग्रज अधिकाऱ्याच्या मनात बिनशर्त शरणागती आणि फक्त जिवाला अभय, एवढंच होतं. कागदातल्या मराठी मजकुरातून मात्र त्याहून बरंच जास्त निघत होतं. यावरून पुढे वाद झाला आणि तो एल्फिन्स्टनपर्यंत गेला. त्याने निर्णय दिला की मजकुराचा अर्थ किल्ल्यातल्या लोकांच्या फायद्याचा धरावा. एल्फिन्स्टन स्वतः स्कॉटिश, पण मला त्याच्या मोठेपणापेक्षा त्या अनाम मुनशीचं कौतुक वाटतं. चुकून लिहिलं की जाणूनबुजून, कोण सांगणार! साडेतीनशे माणसांचं पुढचं आयुष्य एका मराठी वाक्यावर ठरलं. आपल्या मराठीच्या सरांना हे फार आवडलं असतं.

आणि वेढा संपल्यावर इंग्रजांनी मालेगावात छावणी ठेवली. आपण लहानपणापासून "कॅम्पात जाऊन येते" म्हणतो, तो कॅम्प तिथला. रोज तोंडात असलेल्या शब्दाचा उगम मी पंचेचाळिसाव्या वर्षी शोधला, हे लिहिताना मला काही अभिमान वाटत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो.

ग्लेन्को नावाच्या दरीत गाडी थांबली तेव्हा तिघींच्या तोंडून एकदम निघालं, "साल्हेर!" खरं म्हणजे साम्य वरवरचं. तिथला दगड जुन्या ज्वालामुखीचा खरा, पण तो चाळीस कोटी वर्षांहून जुना, आणि आपला बागलाणचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. पण पावसाळी ढग खाली आलेले, हिरवी उतरण आणि मधूनच पाण्याच्या पांढऱ्या रेघा. सटाण्याहून जुलैत मुल्हेरकडे निघावं तसं अगदी. साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला. ब्रिटनमधला सर्वात उंच डोंगर बेन नेव्हिस १३४५ मीटर. हे मी गाडीत मोठ्याने सांगितलं, आणि आमच्या चालकाने "असं होय!" म्हणून मान डोलावली. आम्ही परत आलो आणि महिन्याभरात साल्हेर धरून बारा मराठा किल्ल्यांना युनेस्कोचं जागतिक वारशाचं स्थान मिळालं. त्या दरीत असते तर पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं असतं.

ग्लेन्कोची दुसरी बाजू काळी आहे. फेब्रुवारी १६९२ मध्ये मॅकडोनाल्ड घराण्याच्या लोकांकडे सैनिक पाहुणे म्हणून बारा दिवस राहिले, जेवले, आणि एका पहाटे त्यांनीच यजमानांची कत्तल केली. अडतीसेक माणसं मारली गेली. राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला त्यांच्या प्रमुखाला काही दिवस उशीर झाला, एवढं कारण. तिथे आज हॉटेल आहे, गरम सूप छान मिळतं.

आता खरी गोष्ट. इन्व्हर्नेस शहराजवळ कलोडन नावाचं ओसाड माळरान आहे. १६ एप्रिल १७४६ ला तिथे डोंगरी टोळ्यांच्या फौजेचा इंग्रज सरकारच्या फौजेने तासाभराच्या आत निकाल लावला. दीड हजाराच्या आसपास डोंगरी लोक पडले. जखमींनाही सोडलं नाही. त्यानंतर त्यांची शस्त्रं काढून घेतली, टोळीप्रमुखांचे अधिकार काढले आणि त्यांच्या पोशाखावर, त्या चौकडीच्या कापडावर, कायद्याने बंदी घातली. ती १७८२ पर्यंत होती. दुकानवाली मैत्रीण कापडातली माणूस. ती म्हणाली, "कापडावर बंदी? मग विणणाऱ्यांनी काय खायचं?" घरात चार यंत्रमाग असलेल्या बाईचा प्रश्न होता. चालकाकडे उत्तर नव्हतं. पण बंदीला एक अपवाद होता, तो त्याने सांगितला. सरकारी सैन्यात भरती झालं तर तोच पोशाख घालायला मोकळीक.

म्हणजे घरी घातला तर तुरुंग आणि साहेबासाठी लढताना घातला तर शाबासकी. अशा रीतीने डोंगरी पलटणी उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या कित्येक थेट आपल्याकडे आल्या.

कलोडनहून थोड्या अंतरावर समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर फोर्ट जॉर्ज आहे. डोंगरी लोकांनी पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून सरकारने तो १७४८ ला बांधायला घेतला आणि १७६९ ला पूर्ण केला. मी तटावर उभी राहून हिशेब केला. नारोशंकरांनी मालेगावचा किल्ला १७४० च्या सुमारास घेतला, बांधकाम पंचवीस वर्षं चाललं असं सांगतात. म्हणजे हे दोन भुईकोट एकाच वेळी उभे राहत होते. इकडे कुणाची तरी बेकी मोडायला, तिकडे आपली सरदारी बळकट करायला. फोर्ट जॉर्जवर कधी हल्लाच झाला नाही. त्यामुळे तो जसाच्या तसा आहे, गवतसुद्धा कापलेलं, आणि अजून लष्कर तिथे राहतं. आपला लढला. त्यामुळे आपला तुटका आहे. हे मी तिथल्या बाकावर बसून दोघींना सांगितलं तेव्हा धुळ्याची म्हणाली, "आपला तुटका आहे त्याला १८१८ एकटंच कारण नाही हं." खरं आहे. तिचं बरोबर होतं आणि त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही, कारण त्या यादीत आपण सगळेच येऊ.

फोर्ट जॉर्जमध्ये डोंगरी पलटणींचं मोठं संग्रहालय आहे. तिथे मला हत्ती भेटला. टोपीवर, बिल्ल्यावर हत्ती, आणि त्याच्याबरोबर एक नाव: असई. आपल्या जालना जिल्ह्यातलं, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं खेडं. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, आणि तरी म्हातारपणी तो आपली सर्वात चांगली लढाई म्हणून असईचं नाव घ्यायचा. त्या दिवशी त्याच्याकडे दोन डोंगरी पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी. ७४ वी तर १७८७ साली हिंदुस्थानात पाठवण्यासाठीच उभारलेली. ती असई गावाच्या समोर शिंद्यांच्या तोफांच्या तोंडी सापडली आणि तिचे बहुतेक सगळे अधिकारी आणि निम्म्याहून अधिक शिपाई मारले गेले किंवा जखमी झाले. शिंद्यांच्या गोलंदाजांबद्दल त्याच लोकांनी लिहून ठेवलं आहे की ते तोफा सोडून हलले नाहीत, तोफेपाशीच मेले. आपल्या पुस्तकात असईला एक ओळ होती: 'असई येथे शिंदे-भोसले यांचा पराभव झाला'. परीक्षेत जोड्या लावायला यायची.

७८ वी पलटण या फोर्ट जॉर्जच्या आसपासच्या मुलखातली. तिथल्या कुठल्या तरी दरीतला, इंग्रजी नीट न येणारा, घरी गेलिक बोलणारा पोरगा जालन्याच्या काळ्या मातीत मेला. समोर तोफेपाशी मेलेला गोलंदाजही पोटासाठी नोकरीला लागलेला. बाई, वर्गात तुम्ही एकदा म्हणाला होतात की लढाईत राजा सोडून बाकीच्यांचंही बघावं. तेव्हा मला वाटलं तुम्ही धडा संपला म्हणून वेळ काढताय.

इन्व्हर्नेसच्या पुढे रस्ता समुद्राच्या कडेने उत्तरेला जातो. सदरलंडचा मुलूख. उजवीकडे पाणी, डावीकडे मोकळे डोंगर आणि मेंढ्या. फार सुंदर दिसतं, आणि सुंदर दिसण्याचं कारण तिथे माणसं नाहीत. गोल्स्पी गावाच्या डोक्यावरच्या टेकडीवर पहिल्या ड्यूक ऑफ सदरलंडचा प्रचंड पुतळा आहे. त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या जहागिरीत मेंढ्या जास्त फायद्याच्या ठरल्या, म्हणून दऱ्याच्या दऱ्या रिकाम्या केल्या. स्ट्रॅथनेव्हर नावाच्या दरीत १८१४ ला आणि पुन्हा १८१९ ला कुळांना बाहेर काढून घरांची छपरं जाळली. १८१९! मालेगावच्या वेढ्यानंतरचं दुसरंच वर्ष. इथे स्कॉटिश शिपाई आपल्या तटाला खिंडार पाडत होते, आणि त्यांच्याच देशात लोकांची घरं त्यांचेच मालक पेटवत होते. हेल्म्सडेल गावात देश सोडून गेलेल्या कुटुंबाचा पुतळा आहे: पुढे बघणारा बाप, मागे वळून बघणारी आई. गाडी तिथे दहाच मिनिटं थांबली. दुकानवाली खाली उतरली नाही. धरणात गाव गेलेल्या माहेराची ती आहे, हे तुम्हाला माहीत आहे.

ऑर्कनीची बोट दीड तासाची. वाटेत हॉय बेटाच्या कड्यालगत समुद्रात उभा एकटा दगडी सुळका दिसतो, १३७ मीटर उंच. आम्हाला मनमाडजवळचा अंगठ्यासारखा सुळका आठवला. धुक्यात एक फोटो धड आला नाही.

बेटांवर झाड औषधालाही नाही. वारा मात्र असा की बोलायचं तर तोंड कानाशी न्यावं लागतं. रात्री साडेदहाला सूर्य मावळतो आणि त्यानंतरही अंधार असा होतच नाही. तिथलं मुख्य गाव कर्कवॉल. त्याच्या मधोमध लाल-पिवळ्या दगडाचं सेंट मॅग्नसचं चर्च आहे, ११३७ साली बांधायला घेतलेलं. बांधलं ते नॉर्वेच्या लोकांनी, कारण ही बेटं तेव्हा स्कॉटलंडची नव्हतीच. १४६८ साली डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाला मुलीच्या लग्नात हुंड्याची रक्कम देता येईना. म्हणून त्याने ऑर्कनी जावयाकडे गहाण ठेवली. पुढच्या वर्षी शेटलंडही ठेवलं. पैसे काही फिटले नाहीत आणि १४७२ ला स्कॉटलंडने बेटं खालसा केली. हे ऐकून आम्ही तिघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो. बाकीचे प्रवासी चमकले. मग मला सांगावं लागलं की आमचं मुंबई बेटही असंच गेलं. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर ते इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं, आणि १६६८ ला त्याने ते कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं. एका आजोबांनी विचारलं, "अजून भाडं येतं का?"

ऑर्कनीचा हिंदुस्थानशी आणखी एक धागा निघाला. १८५७ च्या बंडानंतर तिजोरी रिकामी झाली तेव्हा सरकारने १८६१ साली सॅम्युअल लेंग याला हिंदुस्थानचा अर्थमंत्री म्हणून पाठवलं. त्याचं घराणं कर्कवॉलचं, आणि तो पुढे बारा वर्षं याच बेटांचा खासदार होता. जगाच्या या टोकाला, जिथे झाड उगवत नाही, तिथल्या माणसाने आपल्या आजोबांच्या आजोबांचा कर ठरवावा!

स्कारा ब्रे हे पाच हजार वर्षांपूर्वीचं गाव १८५० च्या एका वादळाने वाळू उडवून उघडं केलं. आठ-नऊ दगडी घरं, आत दगडी पलंग, दगडी चूल, आणि दाराच्या समोरच दगडी फडताळ, पाहुण्याला भांडी दिसावीत असं मांडलेलं. माझ्या आजीची मांडणी अशीच होती. आपल्या गिरणेच्या काठी चाळीसगाव तालुक्यात बहाळला १९५० च्या दशकात उत्खनन झालं, तिथे ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. स्कारा ब्रेपेक्षा हजारेक वर्षांनी अलीकडची, पण आपल्याच नदीवरची. मी ऑर्कनीला गेले, बहाळला गेलेले नाही. लिहून ठेवते.

मेसहो नावाच्या दगडी थडग्यात वाकून शिरावं लागतं. ते तितकंच जुनं. बाराव्या शतकात तिथे नॉर्वेकडचे लोक घुसले आणि त्यांनी भिंतींवर आपल्या लिपीत तीसहून अधिक मजकूर कोरले. बरेचसे 'हे अमक्याने कोरलं' या धर्तीचे. एक-दोन बायकांच्या सौंदर्याबद्दल. आठशे-नऊशे वर्षांनी तो ऐतिहासिक ठेवा झाला आहे, फोटो काढायला बंदी आहे. आपल्या वर्गातल्या ज्या कुणी किल्ल्याच्या बुरुजावर खिळ्याने नाव आणि बाण-बदाम कोरला होता, त्यांनी धीर धरावा.

जुलैत परत आल्यावर मी मालेगावला गेले. स्टँडवरून रिक्षा केली, मोसम पुलाकडून किल्ल्याशी उतरले. एकटीच. किल्ल्याच्या आत शाळा भरलेली होती, मधल्या सुट्टीचा गलका चालू होता. मी तटाच्या कडेने चालत राहिले. खंदक कुठे बुजलेला, कुठे घरांनी भरलेला. कुठे त्याचा तळ अजून दिसतो. बुरुजाच्या दगडांच्या सांध्यातून पिंपळ निघाला आहे. एका ठिकाणी चिरे वेगळ्या रंगाचे दिसले. १८१८ ला ढासळलेली बाजू हीच का, हे मला सांगता येणार नाही. तिथे कसलाही फलक नाही. एका पोराने विचारलं, "मॅडम, सर्वे करताय का?" मी म्हटलं, "नाही रे, निबंध लिहायचाय." तो म्हणाला, "गाइडमधी आहे की."

बाई, तुमच्या लाल पेनाच्या प्रश्नाचं उत्तर: हो, पाहिला.

बाकीच्यांसाठी: संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी सात वाजता मी किल्ल्याच्या दरवाजाशी असेन. गॅझेटियरमधल्या वेढ्याच्या वर्णनाच्या प्रती काढून आणते, म्हणजे कुठली तोफ कुठे होती ते प्रत्यक्ष फिरून ताडता येईल. धुळ्याची मैत्रीण थाळनेरचं सांगणार आहे. चहा दुकानवालीकडे आहे, तिने कबूल केलंय. जुने बूट घालून या, खंदकाकडे चिखल असतो.